शेवटचा घोट

खिडकीबाहेर पाणीच पाणी. सामुद्रधुनी,
वाऱ्याने उलटी विंचरलेली.
आणि आत, सात नंबरच्या खाटेवर
म्हातारा ओनोफ्रे ओठांपुरता ओला बोळा मागतोय.

"रात्री बारानंतर तोंडात काही नाही."
ही पाटी माझ्याही आधीची.
कुणी लिहिली, कुणास ठाऊक.
पुंता अरेनासच्या या इस्पितळात
बावीस वर्षं मी ती खाटेच्या पायथ्याशी अडकवत आले,
दिवा मालवावा तितक्या सहज.

नेलिदा बार्रिआने विचारलं, "पण का?"
म्हटलं, भुलीत उलटी झाली तर फुफ्फुसात जाईल.
"अन्नाचं समजलं. पण पाणी?
पाणी पोटात थांबतं तरी किती वेळ?"
मला माहीत नव्हतं.
माहीत नाही, हेही इतकी वर्षं माहीत नव्हतं.

तिने चौकटींची वही आणली, शाळेची,
कव्हरावरचं मुलाचं नाव खोडून.
समितीची सही यायला अख्खा हिवाळा गेला.
मग रकाने आखले :
खाट. शेवटचा घोट. भुलीची वेळ. मधले तास.
आणखी एक तिने नंतर समासात वाकडा घुसवला :
रुग्ण काय म्हणाला.

वहीत नावं नाहीत, नुसते क्रमांक.
तरी एकतिसावा मला ओळखू येतो.
यादीत सकाळी नऊला होता,
मध्येच बोटीवरचे दोन जखमी आले,
एक वाजला, तीन वाजले,
पाच वाजता त्याला आत नेलं.
सतरा तास.
समासात नेलिदाचं बारीक अक्षर :
"कातरणीआधी आम्हीही मेंढरं उपाशी ठेवतो, बाई,
पण इतका वेळ पाण्याविना ठेवलं
तर मालक मला हाकलेल."

एकशे बारा ओळी भरल्या.
मधला आकडा तेरा तास, चाळीस मिनिटं.
डॉक्टर वुकासोविच उभ्यानेच वाचू लागले,
तिसऱ्या पानावर खुर्ची ओढली.
"पाण्याला दोन तास पुरे, हे तर जुनं आहे," म्हणाले,
"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."
आम्हाला वाटलं होतं, तसं असतं तर तुम्ही सांगितलं असतं.
या दोन वाटण्यांच्या मध्ये
किती घसे कोरडे पडले, तो रकाना वहीत नाही.

पाटी निघाली. भिंतीवर नाही, खाटेवर होती,
म्हणून खूणही राहिली नाही.
आता प्रत्येकाची वेळ वेगळी,
उलटी मोजायची, दोन तास वजा करायचे,
आणि तोवर ग्लास भरलेला ठेवायचा.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
एका बुधवारी यादी अचानक पुढे सरकली,
एका बाईने नुकतंच पाणी घेतलेलं,
शस्त्रक्रियागृह दीड तास रिकामं.
सर्जनने टोपी टेबलावर आपटली.
नेलिदाने तेही लिहिलं, टोपीसकट.
मी म्हटलं, हे कशाला?
"वही आपल्या बाजूची नाही," ती म्हणाली.

वर्षाने पुन्हा मोजलं. चार तास, दहा मिनिटं.
मी विचारलं, दोन का नाहीत?
तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या टॉवेलकडे.
पहाटे सहाला वॉर्डात आपण दोघीच,
बत्तीस अंगं पुसायची.
ग्लास पुढे करायला तिसरा हात कुठून आणायचा?
तिने नवी वही उघडली आहे. त्या तिसऱ्या हातासाठी.

ओनोफ्रे बरा होऊन बेटावर परतला.
कुणी त्याची माफी मागितली नाही,
त्यालाही तसं काही सुचलं नसावं.

आज सातवर एक मुलगी आहे, पित्ताशयाची.
ग्लास पुढे केला तर ती बिचकली.
"चालेल? आजी म्हणाली होती, थेंबही नाही."
चालेल.
तिने दोन्ही हातांनी धरला,
गळ्याची घाटी वर गेली, खाली आली,
पुन्हा वर.
मी घड्याळ पाहिलं.
सहा वाजून दहा.